टाइपरायटरांचं गोकुळ

निरुपयोगी गोष्टीसाठी माझ्या साडूंइतक्या निष्ठेनं राबणारा माणूस कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मिळून दुसरा सापडणार नाही. असलाच तर तो एखाद्या डोंगरात लपून बसला असेल, आणि त्याच्याकडचा टाइपरायटर साडूंनी केव्हाच उचलून आणलेला असेल. हो, टाइपरायटर. आमच्या भागात सध्या ज्याला थोडी ऐपत आली तो जमीन जमवतो, कंपाउंड घालतो, गेटावर कुत्र्याचं चित्र लावतो आणि वर्षातून दोनदा येऊन आंब्याची कलमं बघून जातो. माझे साडू जुने पोर्टेबल टाइपरायटर जमवतात. त्यांना कंपाउंड लागत नाही, कारण ते चोरून नेईल असा चोर अजून जन्माला यायचाय. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे नातं मोठं समंजस असतं. दोघांनाही आपापल्या घरी एकमेकांचं उदाहरण 'असं होऊ नका' म्हणून दिलं जातं, त्यामुळे दोघांत आपोआप एक सहानुभूती तयार होते.

पूर्वी कर्जतला त्यांचा टायपिंगचा क्लास होता. कॉम्प्युटर आले, मुलं गेली आणि एक दिवस क्लासला कुलूप लागलं. ती मोठाली यंत्रं टेंपोत भरून भंगारात निघाली त्या दिवशी मी मुद्दाम धीर द्यायला गेलो. मला वाटलं, माणूस खचला असेल. साडू शांतपणे केळं खात उभे होते. "त्या म्हशी होत्या हो," ते म्हणाले, "दूध देत होत्या म्हणून पाळल्या. जीव लावावा तो पोर्टेबलला." आणि तेव्हापासून जो लावलाय, तो लावलाच आहे. खालापूरला एसटी स्टँडच्या मागं त्यांचं तीन खोल्यांचं घर आहे. त्यातल्या अडीच खोल्यांत यंत्रं राहतात आणि उरलेल्या अर्धीत ताई, म्हणजे माझी मेहुणी, स्वयंपाक करतात. दिवाणात यंत्रं, कॉटखाली यंत्रं, लोखंडी कपाटात यंत्रं. ताईंच्या साड्या माळ्यावर गोणीत, कारण साडीला गंज चढत नाही असा साडूंचा शास्त्रशुद्ध मुद्दा आहे. त्यांच्याकडे कुणी 'बसा' म्हटलं की आधी चादरीवरून हात फिरवून बघावा लागतो. मी एकदा उशी समजून जिच्यावर डोकं आपटलं, ती स्विस पेटी निघाली. साडू आतून धावत आले आणि विचारते झाले, "लागलं नाही ना?" मी म्हटलं, "नाही, नाही." तर म्हणाले, "तुम्हाला नाही विचारलं." शेजारच्या एक बाई परवा म्हणाल्या, घर कसं गोकुळासारखं भरलंय. ताई म्हणाल्या, "हो ना, आणि त्यातल्या एकालाही उठून पाणी आणता येत नाही."

पोर्टेबल कशाला म्हणायचं, याचे त्यांचे नियम कडक आहेत. यंत्र पेटीत बसलं पाहिजे, पेटीला मूठ पाहिजे आणि ती पेटी घेऊन खालापूरहून कर्जतपर्यंत एसटीनं जाता आलं पाहिजे, जागा मिळाली नाही तर उभ्यानं. नव्यानं घरात आलेल्या प्रत्येक यंत्राची ही परीक्षा होते. एकदा कंडक्टरनं पेटी बघून सामानाचं तिकीट घ्यायला सांगितलं. साडू म्हणाले, हे सामान नव्हे, हे लिहायचं साधन आहे, तुमच्या खिशातल्या पेनाचं तिकीट काढलंय का? कंडक्टर बिचारा सकाळपासून उभा. तो एवढंच म्हणाला, की पेन असेल तर लिहून दाखवा. बस, साडूंना तेवढंच हवं होतं. चालत्या गाडीत त्यांनी मांडीवर पेटी उघडली, दोन कागदांच्या मधे कार्बन घातला आणि आगार व्यवस्थापकांना पत्र टाइप करायला बसले. बसले होते तक्रार करायला. पण रस्त्यावरच्या एवढ्या खड्ड्यांतून यंत्राची ओळ सरळ येतेय हे बघून त्यांना इतका आनंद झाला, की दुसऱ्या परिच्छेदापासून ते पत्र कंडक्टरच्या अभिनंदनाचं झालं. उतरताना त्यांनी कार्बनची प्रत त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, आपल्या माहितीसाठी. सामानाचं तिकीट त्याआधी काढावं लागलं होतंच.

घरातली कुठलीही गोष्ट ते तोंडी कळवत नाहीत. ताईंनी भाजी सांगितली की आधी यादी टाइप होते, दोन प्रतींत. एक पिशवीत जाते, एक फायलीत. मेथी मिळाली नाही तर 'उपलब्ध नाही, पुढील आठवड्यात प्रयत्न करता येईल' असा शेरा मारून यादी परत येते, मेथी येत नाही. आमच्या फॅमिली ग्रुपवर सगळे सकाळी उठून फुलं टाकतात. साडू आधी उत्तर टाइप करतात, मग त्याचा फोटो काढतात आणि दुपारची जेवणं उरकल्यावर तो ग्रुपवर येऊन पडतो: 'जावक क्र. २१२. आपले आज रोजीचे शुभ प्रभात मिळाले. आभारी आहे.' माझ्या मुलीला मुलगा झाला तेव्हा तिला त्यांचं पत्र गेलं. 'विषय: पुत्ररत्न प्राप्त झाल्याबाबत.' खाली 'संदर्भ' म्हणून आमच्या फोनची वेळ घातलेली. मुलगी ते पत्र सगळ्यांना दाखवून हसते, पण फाइलला लावून जपून ठेवलंय तिनं. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, बाकीच्यांनी नुसते अंगठे पाठवले होते.

आता ही यंत्रं मिळतात कुठून, हा नाजूक विषय आहे. सभ्य माणसं लग्नाची आमंत्रणं लक्षात ठेवतात. माझे साडू मयतं लक्षात ठेवतात. दोन तालुक्यांत कुणी वकील, मास्तर किंवा जुना हेडक्लार्क गेला, की ते पांढरा शर्ट चढवून समाचाराला हजर. ओळख असलीच पाहिजे असं काही नाही. भिवपुरीच्या क्वार्टर्समध्ये असंच एक रिटायर गृहस्थ गेले, तिथं मीही होतो. सगळे खाली मान घालून बसलेले आणि साडू वर माळ्याकडे बघत बसलेले. बघता बघता त्यांचे डोळे भरून आले, कारण दोन ट्रंकांच्या मधून एका पेटीची मूठ दिसत होती. गेलेल्यांच्या मुलाला वाटलं, हे छताची ओल बघतायत. तो बिचारा त्या दुःखातही सांगू लागला, की वरच्या मजल्यावरून गळतं, अर्ज केलाय, अजून कुणी आलं नाही. साडू म्हणाले, अर्ज टाइप करून दिलात का? तेराव्याच्या जेवणाला आम्हाला दोघांनाही बोलावणं आलं, आणि जेवून निघताना साडूंच्या हातात पेटी होती. मी रस्त्यात त्यांना म्हटलं, लाज वाटली पाहिजे. ते म्हणाले, "वाटते हो. पण यंत्र जर्मन आहे."

माझं स्वतःचं कर्जतला झेरॉक्सचं आणि प्रिंटिंगचं दुकान आहे. साडूंच्या दृष्टीनं मी म्हणजे खाटिकखान्याचा मालक. "तुमच्या यंत्रातून कागद बाहेर येतो तो तापलेला असतो," ते येणाऱ्या गिऱ्हाइकादेखत सांगतात, "आजारी कागद आहे तो." तरी दर सोमवारी येऊन बसतात, माझा चहा पितात आणि काहीतरी दुरुस्त करून जातात. बिघडलेलं काही त्यांच्यानं बघवतच नाही. पेट्रोलची बाटली, दात घासायचा जुना ब्रश, शिलाई मशीनचं तेल आणि एक चिमटा हे सामान त्यांच्या पिशवीत कायम असतं, आणि कुणी न सांगता ते बाहेर निघतं. पुतण्याच्या लग्नात मुहूर्ताला दहा मिनिटं असताना नवरामुलाचे काका कुठे गेले म्हणून शोधाशोध झाली, तर हे हॉलच्या मागच्या दाराच्या बिजागरीत तेल घालत होते. करकरत होती म्हणे. अक्षतांच्या वेळी त्यांच्या हातातले तांदूळ तेलकट झाले होते आणि ते त्यांनी नेमके माझ्या डोक्यावर टाकले.

पोशीरच्या मावशींची गाठ मात्र मीच घालून दिली. त्याबद्दल दोष द्यायचा तर मला द्यावा लागेल. मागच्या पावसाळ्याच्या आधी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई दुकानात आल्या. नेरळजवळच्या पोशीरहून आल्या होत्या, नवऱ्याची जुनी कागदपत्रं झेरॉक्स करायला. त्यातले दोन अर्ज मराठीत टाइप केलेले होते, छान बारीक अक्षरात. मी सहज विचारलं, हे कुठं केलं? "घरीच," त्या म्हणाल्या. "आमचे हे करायचे. आख्ख्या गावाचे अर्ज करायचे, कुनाकडून चाचं पानीसुदीक घेतलं नाय. तीन वर्षं झाली जाऊन त्यांना. यंत्र हाय अजून घरात, पन त्याची दोरी तुटलीय. पुढं सरकत नाय ते." यंत्र म्हणजे पेटीतलं का, असं मी विचारलं. हातानं त्यांनी माप दाखवलं. पेटीतलंच. मराठी कळांची पोर्टेबल म्हणजे साडू वीस वर्षं जिच्या नावानं उसासे टाकत होते ती. मला गप्प बसता आलं असतं. पण सोमवार होता, साडू समोर बसले होते आणि त्यांचा चेहरा कसा होतो ते बघायची मला हौस आली.

चेहरा झाला तो मी विसरणार नाही. पुढच्या तासाभरात आम्ही माझ्या गाडीनं मावशींसकट पोशीरला पोचलो होतो. दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढं भाताचं शेत, ओटीवर कॉट आणि कॉटशेजारी स्टुलावर ते यंत्र, वर फडकं घातलेलं. साडूंनी फडकं काढलं आणि वाकून कळांवरची अक्षरं वाचू लागले. मावशी म्हणाल्या, "मास्तर, दोरी तेवढी लावून द्या. बाकी कशाला हात लावू नका. हाय तसं पायजे मला." साडू "हो हो" म्हणाले. ज्या सुरात मी डॉक्टरला रोज चालायला जातो म्हणून सांगतो, अगदी त्याच सुरात.

दोरी बसवायला साडूंना अर्धा तास पुरतो. यंत्र तीन आठवडे खालापूरला राहिलं. रोज फोन यायचा. आज पेट्रोलनं धुतलं. आज रोलर साफ केला. आज सगळ्या कळांचा मळ काढला, काय मळ हो साडू, माणसाच्या नखात नसतो एवढा. मी म्हटलं, त्यांनी हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना? "साध्या माणसांना कळत नाही," ते म्हणाले, "एकदा नीट झालेलं बघितलं की बाई खूश होतील. आणि पुण्याला लेक असते म्हणे त्यांची, तिला टाइपरायटरची आवड असेल का हो?" हे शेवटचं फार निरागसपणे विचारलं होतं. मग एक दिवस फोन आला तो रागातच. टाइपरायटरला एक छोटी घंटी असते. ओळ संपत आली की ती वाजते, म्हणजे मारणाऱ्यानं पुढची ओळ धरायची. तर त्या घंटीत कुणा अडाण्यानं चिंधी कोंबून ठेवलेली साडूंना सापडली होती, तेलानं काळी झालेली. घंटीचा जीव घुसमटून गेलाय, असं ते म्हणाले. चिंधी चिमट्यानं ओढून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली, डबा सकाळी कचऱ्याच्या गाडीत गेला, आणि घंटी त्यांनी अशी घासली की तीत तोंड दिसावं.

एका गुरुवारी दुकानाला सुटी होती, तर आम्ही यंत्र परत द्यायला गेलो. साडूंनी ते स्टुलावर ठेवलं, जादूगारासारखं फडकं ओढलं आणि बाजूला झाले. मावशी हात पुसत आल्या, कॉटवर बसल्या. त्यांना टाइप करता येत नाही. त्यांनी एका बोटानं एकच कळ मारायला सुरुवात केली, टक, टक, टक, ओळभर तीच कळ. कागद धरणारी कॅरेज छान सरकत होती. ओळ संपत आली आणि खणखणीत टिंग झालं. मावशींचं बोट वरच्या वर थांबलं.

"हे काय वाजलं?"

"घंटी," साडू छाती पुढं काढून म्हणाले. "बंद पडली होती. आता ऐका कशी बोलते."

मावशींनी पुन्हा ओळभर कळ मारली. पुन्हा टिंग. मग त्यांनी वाकून घंटीत बघितलं, आणि विचारलं, "चिंधी कुठाय?"

साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी शेताकडे बघितलं. ती कचऱ्यात गेली हे शेवटी त्यांना सांगावंच लागलं, आणि मग मावशींनी जे सांगितलं ते अगदी सरळ, न रागावता सांगितलं. लेक तान्ही होती तेव्हा दिवसभर किरकिर करायची आणि संध्याकाळी कुठं डोळा लागायचा. त्याच वेळेला नवरा ओटीवर लोकांचे अर्ज घेऊन बसायचा. ओळ संपली की घंटी वाजायची, घंटी वाजली की पोर उठायची. एक दिवस मावशींनी वैतागून नेसत्या हिरव्या लुगड्याचा पदर टराटरा फाडला आणि चिंधी घंटीत कोंबली. तेव्हापासून यंत्र टिंग म्हणेना, ढब म्हणू लागलं. पोर मोठी झाली, लग्न होऊन पुण्याला गेली, पण चिंधी कुणी काढली नाही. "मी आत चुलीपाशी असायचे," मावशी म्हणाल्या. "ते कवा हाक नाय मारायचे. मी ढब मोजायचे. अकरावी ढब झाली की चा ठेवायचा. उकळंस्तवर त्यांचा अर्ज व्हायचा. ते गेल्यावं मी रोज संध्याकाळी येऊन एक ओळ मारायचे. नुसती ढब ऐकाया. मग दोरी तुटली." आणि साडूंचा चेहरा बघून पुढं म्हणाल्या, "असूं दे. तुमाला काय म्हाईत."

त्यांनी आम्हाला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. नेरळ येईपर्यंत साडू पिशवीतला चिमटा उघडत मिटत होते. मग काचेतून बाहेर बघत म्हणाले, "साडू, त्यांनी मला सांगितलं होतं हो. हात लावू नका म्हणून सांगितलं होतं." मी आयुष्यभर या माणसाची टिंगल केलेली आहे, आणि त्या क्षणी करण्याजोगी भरपूर होती. पण मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर पत्र आलं. 'जावक क्र. २४७. विषय: जुन्या हिरव्या सुती लुगड्याची चिंधी मिळणेबाबत. माप चार बोटे बाय दोन बोटे. रंग उडालेली असल्यास प्राधान्य.' आमच्या नात्यात बायकांना काही मागितलं की त्या देतातच, फक्त मागितलेलं देत नाहीत. मामींनी पोपटी ब्लाउजपीस पाठवला, एका वहिनीनं भावनेच्या भरात उशीचा अभ्रा पाठवला, कुणी म्हणालं चिंधीपेक्षा स्पंज का नाही घालत. साडू माळ्यावर चढले आणि ताईंची गोणी खाली काढून एकेक साडी हातात घेऊन चुरगळून बघू लागले. ताई मला फोनवर म्हणाल्या, "लग्नाला पस्तीस वर्षं झाली. माझी साडी त्यांनी हातात घेऊन बघितली ती ही पहिलीच वेळ." पण कात्री ताईंनी स्वतःच दिली, आणि जी दाखवली ती साडी अजून नेसण्यातली होती.

मग सुरू झालं ते गुरुवारचं व्रत. खालापूरहून कर्जत, कर्जतहून नेरळ, नेरळहून रिक्षानं पोशीर, पिशवीत चिंध्यांची पुरचुंडी. उन्हात वाळवलेल्या, तेलात भिजवलेल्या, चुलीच्या धुरावर धरलेल्या. जन्मभर ज्यानं घाण काढली तो माणूस आता ती आपल्या हातानं तयार करत होता, आणि ती जमत नव्हती. मावशी आत गॅसपाशी बसायच्या, कारण ढब तिथूनच ऐकायची सवय. साडू ओटीवर ओळ मारायचे. आतून आवाज यायचा, "नाय." चिंधी बदलून दुसरी ओळ. "नाय." एखादे वेळी "जवळ आलं, पन नाय." नुसत्या ओळी तरी काय मारायच्या, म्हणून साडू शेजाऱ्यापाजाऱ्यांना म्हणू लागले, काही अर्ज असेल तर सांगा. झालं, रेशन कार्डावरची नावं आली, वरच्या ठाकरवाडीतल्या बायका बंद पडलेल्या हापशाचं गाऱ्हाणं घेऊन उतरल्या. गुरुवारी ओटीवर माणसं बसू लागली आणि अर्ज झाला की कार्बनची प्रत हातात घेऊन जाऊ लागली. हापसा दुरुस्त झाला म्हणे. ढब काही झाली नाही.

दोनएक महिन्यांनी मी पुन्हा त्यांच्याबरोबर गेलो. त्या दिवशी ताईंच्या साडीची पाळी होती. साडूंना तिच्याबद्दल फार आशा होती. ठाकरवाडीतल्या एका म्हाताऱ्याचा दाखल्यासाठीचा अर्ज त्यांनी घेतला, चिंधी घंटीत बसवली आणि पहिली ओळ मारली. मला तरी ती ढब अगदी झकास वाटली. आतून काहीच आवाज आला नाही.  मग मावशी बाहेर आल्या, अंबाड्यातला आकडा काढला, वाकून त्यानं ती चिंधी अलगद बाहेर ओढली आणि साडूंच्या तळहातावर ठेवली.

"बास करा आता, मास्तर," त्या म्हणाल्या. "वाजूं द्या ती घंटी. आता घरात निजलेलं कोन हाय, उठायला?"

साडू तळहातावरच्या चिंधीकडे बघत राहिले. जो माणूस मेथीसुद्धा लेखी कळवतो, त्याच्याजवळ यासाठी कागद नव्हता, कार्बन नव्हता, विषय नव्हता. "मावशी, तुम्ही सांगितलं होतंत," ते म्हणाले. "मी ऐकलं नाही. माझी चूक झाली."

"चूक कसली, दोरी लावलीत की." मावशी कॉटच्या कडेला टेकल्या. "पन एक सांगू? घंटीचं काय नाय, तुमचं मारनंच लय घाईचं. आत पानी तापत नाय तवर तुमचा अर्ज सपतो. ते असं मारायचे." आणि त्यांनी दोन्ही हातांची दोन बोटं पुढं केली आणि हवेतच मारून दाखवलं. एक कळ शोधायची, मारायची, थांबायचं, दुसरी शोधायची.

आता माझ्या साडूंच्या क्लासमध्ये दोन बोटांनी टाइप करणं म्हणजे काय होतं, हे कर्जतच्या एका अख्ख्या पिढीला विचारा. पट्टी बसायची बोटांवर. दहाही बोटं आपापल्या कळांवर असली पाहिजेत आणि डोळे कागदावर, हे त्यांनी शिकवलं, त्यावर स्पीड मोजला, परीक्षा घेतल्या, आणि दोन बोटांच्या पोरांना दाराबाहेर उभं केलं.  म्हाताऱ्यानं विचारलं, माझा अर्ज राहिला का? साडूंनी नवा कागद लावला. आठ बोटं मुठीत मिटली, दोन बाहेर ठेवली आणि सुरुवात केली. टक. मग बरंच थांबून, टक. एक ओळ व्हायला इतका वेळ लागला की म्हातारा भिंतीला टेकून पेंगू लागला. ओळीच्या शेवटी टिंग झालं, मोठ्यानं, उघडं, आणि साडूंनी मान खाली घातली. मावशी उठून आत गेल्या.

मी न ठरवता मोजत होतो. दुसरी ओळ, तिसरी ओळ. प्रत्येक टिंगला साडूंची मान खाली जात होती आणि पुन्हा वर येऊन पुढची कळ शोधत होती. अकराव्या घंटीला आत काडी ओढल्याचा आवाज आला.